लक्ष ठेवा आणि वाट बघा

२ जून

चि. थंडोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्राला हं म्हणून भागत नाही, दोन ओळी तरी खरडाव्या लागतात.

तर ऐक. आम्हा पोहायला शिकवणाऱ्यांना दर वर्षी रक्त तपासून द्यावं लागतं, त्याशिवाय तलावाचे लोक करार पुढे चालू ठेवत नाहीत. या खेपेला माझ्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. मग पुन्हा सुई, पुन्हा सुई, आणि शेवटी रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी नाव सांगितलं क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. ऐकतानाच दम लागला. म्हणजे रक्ताचा कर्करोगच, पण कासवाच्या चालीने जाणारा. तू घाबरू नकोस. घाबरण्याचं काम मी उरकून घेतलं आहे.

खरी गंमत पुढेच. मी कंबर कसून विचारलं की कुठे टोचायचं, काय गिळायचं, कधीपासून सुरू करायचं ते सांगा. तर बाई शांतपणे म्हणाल्या की काहीच करायचं नाही. तुम्हाला त्रास नाही, हिमोग्लोबिन चांगलं आहे, अशा वेळी लवकर औषध दिलं म्हणून माणूस जास्त जगतो असं दिसलेलं नाही. लक्ष ठेवायचं आणि वाट बघायची. तीन महिन्यांनी या म्हणे. अरे, घरात धूर दिसतोय आणि बंबवाला सांगतोय की ज्वाळा निघाल्या की कळवा!

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुधाला उकळी येईपर्यंत मला शेगडीपाशी उभं राहवत नाही. काल तलावावर एक रोखपाल आले होते, पन्नाशी उलटलेले, पहिलाच आठवडा. कठडा सोडेनात. एरवी मी अशांना चुचकारून सोडवते. काल त्यांच्यावर इतकी ओरडले की पलीकडची पोरंसुद्धा पोहायची थांबली. मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ओल्या बाकावर नुसती बसून राहिले.

बाई म्हणाल्या, हा आजार कधी कधी एका घरात दोघांना होतो. भावंडांनी तपासलंच पाहिजे असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मी म्हणते. तू रक्त तपासून घे. आणि तुझ्या बायकोला एवढ्यात काही सांगू नकोस, ती उगाच जिवाला लावून घेईल.

माया आहेच, ती अशीच राहू दे. उत्तर मात्र धाड.

तुझी,
ताई


२१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दुकानातच वाचलं, उभ्या उभ्या, दोनदा. मग गल्ल्याच्या खाली ठेवलं आणि पुन्हा काढून वाचलं.

डॉक्टरीणबाई सांगतात ते ऐक. पहिले काही महिने जड जातात. हात आपोआप मानेकडे जातो, काल गाठ एवढीच होती का असं वाटत राहतं. रोज आरशात मान वळवून बघत जाऊ नकोस. रोज बघणाऱ्याला वाढलेलं कळत नाही, आणि न वाढलेलंही वाढल्यासारखं वाटतं. तपासणीच्या आधीच्या दिवसांत कुणाशी महत्त्वाचं बोलू नकोस, त्या दिवसांत माणूस हमखास भांडतो. पुढे सवय होते. सवय झाली की विसरतासुद्धा येतं. अर्थात हे आपलं ऐकीव.

इकडे सगळं ठीक. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दुकान वाढवलं, त्याला भिंतभर आरसा हवा होता. कडा घासायलाच पुष्कळ वेळ गेला. चौघांनी मिळून तो जिन्याने वर नेला. मी पुढे, उलट्या पावली. तुझी भावजय खालून ओरडत होती, डावीकडे, डावीकडे, आणि तिचं डावं म्हणजे कुणाचं डावं हे कुणालाच कळेना. आरसा शाबूत आहे, माझं ढोपर तेवढं फुटलं.

माझ्या रक्ताचं बघू. सध्या कामाची गर्दी आहे. तू त्या रोखपालांची माफी माग.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
थंडोबा


९ नोव्हेंबर

चि. थंडोबास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दीड वर्ष वाट पाहिली. एवढी मी आयुष्यात कशाचीच पाहिली नव्हती. आता बाईच म्हणाल्या की पुरे झालं.

उन्हाळ्यापासून मला तलावातून शिडीने वर येताना थांबावं लागत होतं. दोन पायऱ्या चढायच्या, दम घ्यायचा, आणि बघणाऱ्याला वाटावं की बाई कुणाकडे तरी लक्ष ठेवून आहेत. काखेत लिंबाएवढी गाठ झाली, हिमोग्लोबिन घसरलं. गेल्या आठवड्यात निर्णय झाला.

खरं सांगते, मला औषधाचीच धास्ती होती. आमच्या तलावाच्या जुन्या तिकीटवाल्याला हाच आजार होता. त्याच्या वेळचं ते जालीम सलाईन आजाराइतकंच त्याच्यावरही तुटून पडलं होतं. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या की तो गर्दीवरचा लाठीमार होता, चोराबरोबर शेजारपाजारही झोडपले जायचे. आता आजारी पेशीची नेमकी खोड कळली आहे, त्या खोडीवरच औषध आहे.

दोन वाटा आहेत. एक, रोजची गोळी. पेशीला जग आणि वाढ असा जो निरोप आतून मिळत असतो, तो ही गोळी अडवते. पण ती लागू पडते आहे तोवर घेतच राहायची. दुसरी वाट म्हणजे सहा महिने अधूनमधून सलाईनमधून एक औषध, आणि जोडीला वेगळ्याच गोळ्या, वर्षभर. या पेशी म्हणे मरायला विसरलेल्या असतात, या गोळ्या त्यांना आठवण करून देतात. वर्ष झालं की सगळं बंद. आधी गुणसूत्रांची तपासणी केली. माझ्यात वाईट खोट निघाली नाही, त्यामुळे निवड माझ्यावर सोडली.

मी एका क्षणात दुसरी निवडली. ज्याला शेवट आहे ते औषध मला द्या, म्हटलं. बाई हसल्या. म्हणाल्या, विचार करून सांगितलंत तरी चालेल. मी म्हटलं, दीड वर्ष तेच करत होते.

तुझ्या बायकोला आता सांगायला हरकत नाही. तू रक्त तपासलंस का? प्रत्येक पत्रात विचारते आणि प्रत्येक पत्रात तू काचेचं सांगतोस.

आशीर्वाद कायम आहेत. धीराचं चार शब्दांचं तरी लिही.

तुझी,
ताई


२५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धीर धर, एवढंच म्हणतो. शेवट असलेलं औषध निवडलंस ते बरं केलंस. मला सर्दीखोकल्याने धरलं आहे, हात जड झालाय, म्हणून थोडक्यात. बाकी सगळं ठीक.

तुझा,
थंडोबा

ती. वन्संस, कृ. सा. न. वि. वि. यांच्याच कागदावर माझ्या दोन ओळी. तुमची बातमी ऐकून मला रडू आलं, पण तुम्ही पार पडाल याबद्दल मनात शंका नाही. यांची सर्दी म्हणजे पावसाच्या सरी झाल्यात, एक संपते तोच दुसरी. फार वाळलेत. झोपेत घाम एवढा येतो की सदरा पिळून काढावा, उशीचा अभ्रा रोज धुते आहे. विचारलं तर म्हणतात की दुकानाची दगदग. तुम्ही जरा दटावून सांगा, तुमचं ऐकतात. तब्येतीला जपा आणि माझ्यावर लोभ करता तसाच करा.


२० जानेवारी

चि. थंडोबास,
आशीर्वाद.

हे पत्र इस्पितळातल्या खाटेवर बसून लिहिते आहे. आधी माझं सांगते.

पहिल्या सलाईनच्या दिवशी अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. नर्सने ते थांबवलं, इंजेक्शन दिलं, मग मुंगीच्या पावलांनी पुन्हा सुरू केलं. पुढच्या खेपांना काही झालं नाही. या महिन्यात गोळ्या सुरू झाल्या. आधी अगदी चिमुकला डोस, दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत न्यायचा. कारण पेशी एकदम मेल्या तर त्यांचा कचरा मूत्रपिंडांना उपसता येत नाही. म्हणून भरपूर पाणी प्यायचं. तीस वर्षं मी लोकांवर ओरडत आले की तोंड मिटा, पाणी गिळू नका. आता एक चिमखडी नर्स तांब्या घेऊन माझ्यावर ओरडते की गिळा!

परवा रक्तातलं पोटॅशियम चढलं. छातीला तारा लावून ठेवून घेतलं. मला फक्त ओठांना मुंग्या जाणवल्या, पण भोवतीच्या माणसांची चाल बदलली की आपल्याला कळतंच. आता उतरलं आहे. आणि काखेतली गाठ हाताला लागत नाही! मी तीनदा चाचपून पाहिलं, मग डाव्या काखेत तर नव्हती ना म्हणून तिकडेही पाहिलं.

आता तुझं. शेजारच्या खाटेवर एक टंकलेखिका आहे, हाच आजार. तिला मी विचारलं की तुला कसं कळलं. ती म्हणाली, झोपेत घाम, कपडे बदलावे लागायचे. वजन उतरलं. सर्दी एक संपली की दुसरी. ती बोलत होती आणि मला तुझ्या बायकोच्या ओळी दिसत होत्या. मग तुझं ते पहिलं उत्तर आठवलं. मानेकडे हात जातो हे मी तुला लिहिलंच नव्हतं. आरशाचंही नव्हतं. तपासणीच्या आधी माणूस भांडतो हे तू कुणाकडून ऐकलंस?

मला खरं काय ते सांग. मी इथून उठून येऊ शकत नाही, नाहीतर पत्र लिहीत बसले नसते.

ताई


२९ जानेवारी

ती. वन्संस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी उघडलं. यांना तापाने ग्लानी होती, छातीत न्यूमोनिया झाला होता, पत्र वाचून दाखव म्हणाले. मी मोठ्याने वाचत गेले. घामाच्या ओळीपाशी आले आणि पत्र खाली ठेवलं. यांनी तोंड भिंतीकडे केलं.

वन्सं, यांना तुमच्याही आधीपासून आहे. तुमचं पहिलं पत्र यायच्या दोन वर्षं आधी, ढोपराच्या कुठल्याशा जुन्या दुखण्याच्या तपासणीत सापडलं होतं. मला सांगितलं नाही. दोनदा तपासणीला गेले, काच आणायला चाललो म्हणून सांगून. मग जाणंच सोडून दिलं. का, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, डॉक्टरच म्हणाले होते वाट बघा. मी बघत होतो.

मी उठले. स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. इतकी वर्षं एका ताटात जेवल्यासारखा संसार केला, आणि हा माणूस रोज माझ्यासमोर बसून एवढं मोठं गिळत होता. मला राग यावा की कीव हेच ठरेना. अजून ठरलेलं नाही. यांचा घाम पुसते आणि बोलत नाही.

इथल्या डॉक्टरांनी ताप उतरल्यावर रक्ताच्या डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं आहे. हे मान हलवतात. यांच्या मान हलवण्यावर माझा आता भरवसा नाही. वन्सं, तुम्ही लिहा. माझं बोलणं सध्या धड निघत नाही.

तुमची, तुमच्या शब्दाची वाट बघणारी,
धाकटी भावजय


३ फेब्रुवारी

चि. थंडोबास,

आशीर्वाद देते, पण दात खाऊन देते.

डॉक्टरांनी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या, लक्ष ठेवा आणि वाट बघा. त्यातली तुला सोयीची तेवढी एकच तू ऐकलीस. मी माझ्या चिडक्या स्वभावाने तीन महिन्यांच्या जागी दोन महिन्यांनीच जाऊन त्या बाईंचं डोकं खाल्लं, पण गेले. तू थंड आहेस असं सारं घर समजत आलं. थंडपणा वेगळा आणि डोळे मिटून बसणं वेगळं. हे मला आज कळलं, आणि तुझी थट्टा करणाऱ्या माझ्याच जिभेचा मला राग आला.

मला इस्पितळातून घरी सोडलं आहे, आज तुझ्याकडे निघणार होते. पिशवीही भरली. बाईंनी अडवलं. गोळ्यांनी माझ्या चांगल्या पांढऱ्या पेशीही उतरल्या आहेत, न्यूमोनियाच्या माणसाजवळ जाऊन बसणं म्हणजे दोघांची तिरडी बांधणं, असं त्या म्हणाल्या नाहीत पण चेहऱ्याने म्हणाल्या. खोलीत येरझाऱ्या घालते आहे. खालच्या भाडेकरूने वर येऊन काय पडलं म्हणून विचारलं.

म्हणून ऐक. ताप उतरला की त्याच आठवड्यात जायचं. एकटं नाही, बायकोला बरोबर घेऊन. डॉक्टर जे बोलतील ते तिच्या कानांवर पडलं पाहिजे. आणि तिची माफी माग. काचेचं काही सांगू नकोस. सरळ माग.

तू धाकटा आहेस. माझ्या आधी तुला जाता येणार नाही, मी जाऊ देणार नाही.

ताई


१२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्याजोगं काही घडलंय की बिघडलंय हेच कळत नव्हतं.

गेलो. हिला घेऊन गेलो. गुणसूत्रांच्या तपासणीत माझ्यात ती वाईट खोट निघाली, एक तुकडाच गळलेला आहे. अशा खोटीवर जुनं सलाईन चालतच नाही, म्हणाले. तुझं वर्षभराचं औषधही देता आलं असतं, पण माझ्यासारख्यात ते थांबवल्यावर आजार लवकर परततो, म्हणून रोजची गोळी. लागू पडेल तोवर. शेवट तुझ्या वाट्याला आला, ताई.

मग त्यांनी धंदा विचारला. काच कापतो म्हणालो. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. या गोळीने रक्त लवकर थांबत नाही, अंगावर सहज काळंनिळं होतं. त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मला शाळेतल्यासारखं वाटलं.

पहिल्या महिन्यात मानेच्या गाठी लोण्यासारख्या विरघळल्या, घाम थांबला. आम्ही खुशीत रक्त द्यायला गेलो, तर पांढऱ्या पेशी दुपटीच्या वर! मी उठून दाराकडे निघालो. पुन्हा यायचं नाही असं माझं ठरलंही होतं. हिने सदरा धरला. सगळ्या लोकांसमोर. डॉक्टरांनी समजावलं की गाठींत दबा धरून बसलेल्या पेशी गोळीने हुसकल्या जातात आणि रक्तात येतात, म्हणून आकडा आधी चढतो. औषध चालतंय याचीच ती खूण. मला ते पटायला वेळ लागला. गेल्या आठवड्यात आकडा उतरायला लागला, तेव्हा पटलं.

का लपवलं ते तुला सांगायला हवं. मी खूप आठवून पाहिलं. नाव उच्चारलं नाही तर ते फक्त त्या दवाखान्यात राहील, घरी येणार नाही, असं वाटायचं. बाहेरून थंड दिसायचो. आत रोज धडधड. तुझी पत्रं यायची, तू आदळआपट करायचीस, आणि मला हेवा वाटायचा.

हिची माफी मागितली. ती लगेच मिळाली नाही. एका दुपारी मी हिला न सांगता काच कापायचा हिरा हातात घेतला, एक साधी खिडकीची काच, आणि बोट कापलं. रक्त थांबेचना. ही माझं बोट दाबून गल्ल्याशी बसून राहिली, गिऱ्हाईकं परत गेली. तेव्हा ही माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली, म्हणजे शिव्या दिल्या. त्यानंतर हिरा हिने घेतला. आता मी मापं घेतो आणि ही कापते. हिचा हात माझ्याहून हलका आहे. डावं-उजवं मात्र अजून तसंच.

रागावलीस तशीच माया कर.

तुझा,
थंडोबा


१२ डिसेंबर

चि. थंडोबास,
आणि चि. सौ. भावजयीस, अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

शेवटची गोळी घेतली. पाकीट रिकामं झालं. तलावावरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, नर्सने मिठी मारली, बाईंनी हात हातात घेतला. सगळे हसत होते आणि मी भांबावल्यासारखी उभी.

तुम्हाला सांगायला लाज कशाला वाटून घेऊ. मी बाईंना म्हटलं, अजून थोडे दिवस चालू ठेवूया. त्या म्हणाल्या की ज्याला शेवट आहे ते औषध तुम्हीच मागितलं होतं. खरं आहे. पण वर्षभर रोज सकाळी मी काहीतरी करत होते, गोळी गिळत होते, पाणी ढोसत होते. आता सकाळी उठते आणि हात रिकामे. बाई म्हणतात, रक्त छान आहे. आजार कायमचा गेला असं कुणी लिहून देणार नाही. परतला तर तुझी गोळी माझ्यासाठीही आहे. तोवर पुन्हा तेच, लक्ष ठेवा आणि वाट बघा.

पोहते आहे. शिडी एका दमात चढते. पण दुपारी एका जागी बसवत नाही. कपाटं आवरून झाली, खालच्या भाडेकरूचंही आवरून दिलं, तो आता मला टाळतो.

आता मुद्द्याचं. रक्त आणि हाडातला मगज या दोन्हींची बारीक तपासणी केली आहे, आजाराची एखादी पेशी कुठे लपून उरली आहे का ते बघायला. निकाल मंगळवारी. आजवरचे सगळे निकाल मी एकटीने जाऊन घेतले, बाईंच्या खोलीचं दार स्वतः ढकलून. हा मला एकटीने घेता येईल असं वाटत नाही. थंडोबा, तू ये. दुकान ती सांभाळेल, ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

धीर वगैरे देऊ नकोस. सगळं ठीक होईल असं तर मुळीच म्हणू नकोस. शेजारच्या खुर्चीवर बस आणि माझं नाव पुकारलं की माझ्याबरोबर उठ. मला भीती वाटते आहे.

सोमवारी संध्याकाळी मी स्टेशनवर उभी असेन. गाडीच्या वेळेच्या बरीच आधीपासून.

तुमची दोघांची,
ताई